त्या दिवशी कोण कुठे होतं

शेंडी नसलेला नारळ सत्काराला चालतो का, यावर हिंटरमोसच्या एकुलत्या एका दुकानात आमची बैठक भरली. पाटगावकर सरांनी नारळ हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवून पाहिला. सर इचलकरंजीच्या शाळेचे माजी मुख्याध्यापक. नारळाकडेसुद्धा ते उत्तरपत्रिकेसारखे बघत होते.

"कुंदाताई, ह्याची हजामत कोणी केली?"

मी सांगितलं की युरोपात नारळ असाच येतो, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणि वर चिठ्ठी चिकटवून.

"चालवून घ्या की हो," सिंधूवहिनी म्हणाल्या. त्या सरांच्या पत्नी. "शेंडी नाही हे त्या माणसाला कुठं कळतंय? आणि ताई, एक नको, दोन घ्या."

मला वाटलं, दुसरा जादा म्हणून. आमच्या टूरवर प्रत्येक वस्तू एक जादा घ्यायची पद्धतच होती; लोक औषधं, चपला आणि रुसवेही जादा घेऊन यायचे. मी दोन नारळ घेतले. दुसरा कोणासाठी, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

मी सांगलीच्या एका बँकेत निम्मं आयुष्य खाती जुळवली, मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन एका प्रवासी कंपनीत टूर लीडर झाले. माणसांकडे बघायची खोड बँकेतलीच. कोण भरतो, कोण काढतो, आणि कोणाच्या खात्यात दिवसभर उलाढाल असून संध्याकाळी शिल्लक शून्य, हे मला चेहऱ्यावरून कळायला लागलं होतं. लग्न केलं नव्हतं. दर मे-जूनमध्ये चाळीसेक मंडळी घेऊन युरोप दाखवायचा, आणि मधे ऑस्ट्रियाच्या डोंगरात, हिंटरमोस नावाच्या खेड्यात तीन दिवस विसावा घ्यायचा, असा माझा क्रम होता. ही गोष्ट तिथली, वीस-एक वर्षांपूर्वीची.

मुक्काम गेबहार्ट मूसरच्या हॉटेलात असायचा. गेबहार्ट म्हणजे तिथला देवच, फक्त देवळाऐवजी हॉटेलात बसायचा. डोंगराच्या माथ्यावरून बर्फावर सुसाट खाली यायची जी सगळ्यांत भीतीदायक शर्यत असते, तिच्यात त्याने तरुणपणी सुवर्णपदक घेतलं होतं. पुढच्याच हिवाळ्यात गुडघा मोडला आणि शर्यती संपल्या. तीस वर्षं होऊन गेली, पण बाकीचं काहीच संपलं नव्हतं. पोलीस त्याला बघून टोपी उचलायचा. बेकरीत त्याच्या नावाचा पाव होता, डोंगरावर तारेवरून जाणाऱ्या पाळण्याला त्याचं नाव होतं. तो निवृत्त झाल्यावर दहा-पंधरा वर्षांनी जन्मलेली पोरं रस्त्यावरून "गेबहार्ट, गेबहार्ट" अशी एकेरी हाक मारायची आणि तो प्रत्येकाला हात करायचा. त्याचा हात करायचा एक ठरलेला ढंग होता. फोटोतही तोच, खऱ्यातही तोच.

रोज दुपारी जर्मनीतून, व्हिएन्नाहून म्हाताऱ्यांच्या बसेस यायच्या. मंडळी उतरायची, त्याचा हात हातात घ्यायची आणि बोलत सुटायची. पहिल्या वर्षी मला वाटलं, त्याला शर्यतीबद्दल काही विचारत असतील. मग माझी थोडी जर्मन सुधारली आणि कळलं की कोणी काहीच विचारत नव्हतं. जो तो त्याला हेच सांगायचा, की त्या दिवशी आपण कुठे होतो. एकजण न्हाव्याकडे होता, अर्धी दाढी झालेली, आणि न्हाव्याने वस्तरा खाली ठेवून टीव्हीकडे पाठ फिरवायला नकार दिला. एका बाईची खीर करपली. एकाच्या शाळेला सुट्टी दिली होती. गेबहार्ट सगळं ऐकायचा, मान हलवायचा, योग्य जागी हसायचा. खुंटीवर लोकांनी आपापले कोट अडकवून जावेत, तसं ते चालायचं. खुंटीला थंडी वाजते का, हे कोण विचारणार.

संध्याकाळी आठ वाजता हॉटेलच्या दिवाणखान्यात त्या शर्यतीची फिल्म दाखवायचे. दोन मिनिटांचीही नसेल. पाहुणे टाळ्या वाजवायचे, गेबहार्ट उठून उभा राहायचा. आणि बरोबर त्या वेळी बुर्गी गल्ल्यावरून उठून स्वयंपाकघरात जायची.

बुर्गीबद्दल सांगायलाच हवं. पूर्ण नाव वाल्बुर्गा. गेबहार्टच्या आईकडे गाई होत्या तेव्हा धारा काढायला म्हणून आली, वयाच्या सतराव्या वर्षी. गाई गेल्या, पदकाच्या पुण्याईवर हॉटेल उभं राहिलं, आणि बुर्गी गोठ्यातून गल्ल्यावर आली. गेबहार्टने मधे एका गाणाऱ्या बाईशी लग्न केलं होतं. तिला टाळ्यांची सवय होती, पण दुसऱ्याला पडणाऱ्या टाळ्यांची नव्हती. दोन वर्षांत गेली. बुर्गी राहिली. आता साठीला आलेली, हाडापेराने मजबूत, बोलायला कोरडी. सगळा देश ज्याला गेबहार्ट म्हणायचा, त्याला ती एकटी "हेर मूसर" म्हणायची. म्हणजे आपल्याकडे "मूसरसाहेब".

त्या वर्षी आम्ही पोचलो त्याच दिवशी तिने मला सांगितलं की तिचा हा शेवटचा आठवडा. लिन्झला तिची बहीण होती, एकटी, पायाने अधू झालेली. गुरुवारी सकाळच्या बसने बुर्गी कायमची तिकडे जाणार होती. आमची गाडीही गुरुवारीच सकाळी निघायची होती.

"त्यांना माहीत आहे?" मी विचारलं.

"महिनाभर."

"मग काय म्हणाले?"

बुर्गी किल्ल्या पुसत होती. "म्हणाले, बहिणीला नमस्कार सांग."

मी सरळच विचारलं, "आणि थांब म्हणाले असते तर?"

ती हसली. "फ्राउ कुंदा, त्या माणसाने आयुष्यात कोणाला काही विचारलेलं नाही. गरजच पडली नाही. लोक आपण होऊन सांगतात." मग किल्ली खुंटीवर अडकवत म्हणाली, "विचारलं तर बघेन. बहिणीला इथेही आणता येतं. खालची खोली रिकामी आहे."

एवढ्यावर तिने विषय मिटवला. पण खालची खोली रिकामी आहे हे ज्याअर्थी तिने हिशोबात धरलं होतं, त्याअर्थी काय ते मला समजलं. मग पुढचे दोन दिवस मी डोळे उघडे ठेवून वावरले.

आणि खरं सांगायचं तर त्याला विचारायचं होतं. मंगळवारी सकाळी तो काठी टेकत गल्ल्याशी आला, म्हणाला, "बुर्गी..." आणि मागून एका जर्मन जोडप्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते त्या दिवशी मधुचंद्रावर होते म्हणे. ते जाईपर्यंत बुर्गी चादरी मोजायला वर गेलेली. दुपारी तो पुन्हा आला, तर टपाल आलं. त्याला अजून पत्रं यायची, त्यात फोटोवर सही मागितलेली असायची. संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचला. तेवढ्यात आठ वाजले, दिवाणखान्यातून टाळ्या ऐकू आल्या, आणि तो परत फिरून उभा राहायला गेला. इतक्या लोकांच्या प्रेमातून वाट काढून पाच पावलं पुढे जायचं, ते काही त्याला जमेना. डोंगर उतरणं त्यापेक्षा सोपं गेलं असावं.

त्याच संध्याकाळी बाहेरच्या बाकावर तो माझ्याशेजारी येऊन बसला. उन्हाळ्यात तिथे नऊपर्यंत उजेड असतो. आमची मंडळी अंगणात भेंड्या खेळत होती आणि दर दोन मिनिटांनी कोणीतरी "कुंदाताई, तुम्ही पण या" म्हणून ओरडत होतं.

"हे सगळे तुमच्यावर फार प्रेम करतात," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला.

"विमानतळावर ट्रॉली मिळेपर्यंत," मी म्हटलं.

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "तुमचं चांगलं आहे. तुमच्याकडे ट्रॉली येते."

आमच्या मंडळींना या सगळ्याची काही कल्पना नव्हती. त्यांना मुळात हा माणूस कशाबद्दल प्रसिद्ध आहे हेच पटत नव्हतं. "घसरत खाली यायची शर्यत?" एक काकू म्हणाल्या. "ते तर आमचे हे रोज मोरीत करतात." पण पाटगावकर सरांनी सुवर्णपदक म्हटल्यावर कान टवकारले. सरांच्या बॅगेत कायम तीन शाली असत. परदेशात कोण कर्तबगार माणूस कुठे भेटेल याचा नेम नाही, आणि भेटलाच तर सत्कार राहून जायला नको, हे त्यांचं धोरण. त्यांनी पॅरिसमध्ये एका बस ड्रायव्हरचाही सत्कार केला होता. बुधवारी, शेवटच्या संध्याकाळी, जेवणानंतर कार्यक्रम ठरला आणि आम्ही नारळ आणायला गेलो.

सिंधूवहिनी त्या दिवशी दुपारभर गडबडीत होत्या. आमच्या स्वयंपाक्याकडून वाटीभर तांदूळ घेतले, कोणाच्या तरी पर्समधून सुपारी आणि हळकुंड मिळवलं. इरकली खण त्यांच्याकडे होताच, कोणाकडे जायची वेळ आली तर असावा म्हणून आणलेला. मी हे सगळं बघत होते आणि सत्काराच्या ताटाची तयारी समजत होते.

संध्याकाळी दिवाणखाना भरला. कोपऱ्यातल्या गावकऱ्यांच्या कायमच्या टेबलावर चार म्हातारे बिअर घेऊन बसले होते. त्यांना हा तमाशा फुकटात बघायचा होता. सरांनी भाषण केलं. माणूस चढताना सगळे बघतात, पण उताराला तोल सांभाळणं हीच खरी कसोटी, असा मुद्दा त्यांनी निरनिराळ्या तऱ्हेने मांडला. मी त्याचं इंग्रजीत दोन वाक्यांत भाषांतर केलं. सर मला म्हणाले, इंग्रजी फारच आटोपशीर भाषा दिसते.

गेबहार्टच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि आपला ठरलेला हात केला. टाळ्या झाल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तेवढ्यात सिंधूवहिनी उठल्या. सरळ गल्ल्यापाशी गेल्या, बुर्गीचा हात धरला आणि तिला ओढतच आणून गेबहार्टच्या डावीकडच्या खुर्चीत बसवलं. मी "वहिनी" म्हणेपर्यंत बुर्गीच्या कपाळावर हळद-कुंकू लागलं होतं.

"वहिनी, अहो, त्या..."

"सत्कार जोडीनंच करायचा असतो, ताई. एकट्या माणसाला कोण शाल देतं?"

बुर्गीचा पांढरा ॲप्रन होता. वहिनींनी त्याचे दोन कोपरे तिच्या हातात दिले आणि त्या झोळीत खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि तो दुसरा नारळ घातला. मी वहिनींच्या कानाशी गेले आणि विचारलं, ह्या त्यांच्या पत्नी आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं.

"सांगायला कशाला पाहिजे?" त्या तोंडात पुटपुटल्या. "तीन दिवस बघते आहे. त्यांनी मागायच्या आधी कॉफी पुढ्यात. खांद्यावरचा दोरा येता-जाता काढतात. जेवण त्यांच्यामागून. आणि अख्खं गाव नावानं हाक मारतंय, शेंबडी पोरंसुद्धा. ह्या एकट्या नाव घेत नाहीत."

बँकेत असते तर या नोंदी मी बरोबर म्हणून पुढे पाठवल्या असत्या.

कोपऱ्यातले चार म्हातारे गप्प झाले होते. ते हसतील असं मला वाटलं होतं. एकाने ग्लास आवाज न करता खाली ठेवला, एवढंच. त्यांच्या त्या गप्प बसण्यातून मला कळलं की सिंधूवहिनींना तीन दिवसांत जे दिसलं, ते या लोकांना तीस वर्षं दिसत होतं.

बुर्गीने माझ्याकडे पाहिलं. "हे काय आहे?"

मी खरं ते सांगितलं. आमच्याकडे घरातल्या बाईची अशी ओटी भरतात, तिचं घर भरलेलं राहावं म्हणून. तुम्ही यांच्या घरच्या, असं यांना वाटलं. चूक झाली असेल तर मी सांगते.

ती ॲप्रनमधल्या तांदळाकडे बघत राहिली. मग शेजारी बघितलं. गेबहार्टने एक शब्द म्हणायचा होता, "नाही," बस. ज्या माणसाने जन्मभर प्रत्येक चाहत्याची चूक हसून दुरुस्त केली, तो गप्प होता. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, आणि नजर समोर, शर्यत सुरू व्हायच्या आधी असेल तशी.

"नाही," बुर्गी मला म्हणाली. "काही सांगू नका."

आता आमच्या बायकांना जोर चढला. एकीने सुरुवात केली आणि सगळ्यांनी उचलून धरलं: नाव घ्या, नाव घ्या. बुर्गीने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आमच्याकडे बायका एरवी नवऱ्याचं नाव घेत नसत. अशा वेळी मात्र घ्यायला लावतात. एक-दोन ओळी बोलायच्या आणि त्यात नाव गुंफायचं. नको असेल तर सोडा.

तिने थोडा विचार केला. मग झोळीची टोकं घट्ट धरून ती उभी राहिली आणि आपल्या डोंगरातल्या बोलीत दोन वाक्यं बोलली. ती बोली मला कधीच समजली नाही. मला फक्त एक शब्द कळला: गेबहार्ट. हेर मूसर नव्हे.

आमच्या मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. कोपऱ्यातून एकही टाळी आली नाही. चारांतला सगळ्यांत थोराड म्हातारा खिडकीबाहेर बघायला लागला. गेबहार्टने बुर्गीकडे मान वळवली. त्याचं तोंड अर्धवट उघडलं, आणि त्याच क्षणी पाटगावकर सर पुढे झाले. एकेक करून सर्वांनी फोटो काढून घ्यावेत, गर्दी करू नये, आधी महिला. चाळीस माणसांचे चाळीस कॅमेरे. तो उभा राहिला, हात केला, हसला. बुर्गीने झोळी सावरली आणि स्वयंपाकघरात गेली.

ती काय म्हणाली हे मला गुरुवारी सकाळी कळलं. गावाच्या फलाटावर, म्हणजे चर्चसमोरच्या बसथांब्यावर, ती एक सुटकेस आणि एक जाळीची पिशवी घेऊन उभी होती. पिशवीत नारळ. आमची गाडी तिथेच लागली होती आणि सामान चढत होतं. तिच्या कपाळावर कुंकवाचा अंधुक डाग राहिला होता. पुसला नव्हता की निघाला नव्हता, कोण जाणे.

मी विचारलं.

"मी म्हटलं," ती म्हणाली, "ज्या दिवशी सगळा देश गेबहार्टकडे बघत होता, त्या दिवशी मी गोठ्यात होते. गाईच्या पोटाला डोकं लावून, दोन्ही कान झाकून."

"का?"

"पडला असता तर?"

डोंगरावरून पाळणा रिकामा खाली येत होता. मी म्हटलं, "पण नंतर? ती फिल्म तर रोज..."

"रोज आठ वाजता मी चमचे मोजते," बुर्गी म्हणाली. "मी ती शर्यत अजून बघितलेली नाही. सगळ्या देशात मी एकटीच असेन." मग रस्त्याकडे बघून म्हणाली, "रात्रभर वाटलं, दार वाजेल."

तेवढ्यात तो आला. उतारावरून काठी टेकत, मोडका गुडघा ओढत, शक्य तितक्या घाईने. खांद्यावर सरांची शाल तशीच होती. इतक्या सकाळी रस्त्यावर कोणी चाहता नव्हता. मला पहिल्यांदाच त्याची वाट मोकळी दिसली. मी आमच्या गाडीकडे सरकले, म्हणजे ऐकू येणार नाही इतकी, पण दिसेल इतकी.

आणि लिन्झकडे जाणारी बस वळणावरून आली, वेळेवर, जशी तिथे येते. दार उघडलं. ड्रायव्हर तिशीचा, नवीन होता. त्याने बुर्गीची सुटकेस आत घेतली, ती चढली, खिडकीशी बसली. गेबहार्ट दारापाशी पोचला. पायरीवर त्याने हात ठेवला. "बुर्गी," तो म्हणाला. एवढं मला ऐकू आलं.

ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. तो उडी मारून खाली उतरला. दोन्ही हातांनी गेबहार्टचा हात धरला. त्याचं स्वतःचं नाव गेबहार्ट होतं. तो त्याच दिवशी जन्मलेला. त्याची आई इस्पितळात, डॉक्टर आणि नर्सा सगळे टीव्हीच्या खोलीत, आणि हा गडी कोणाच्या मदतीशिवाय जगात आलेला. त्याची आई ही गोष्ट आयुष्यभर सांगत होती आणि आज तो ज्याच्यामुळे हे नाव मिरवत होता त्याच्यासमोर उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते. अशा माणसाला बाजूला हो कसं म्हणायचं? मला जमलं नसतं. गेबहार्टला तर ती कला कधी शिकवलीच नव्हती. तो मान हलवत होता, योग्य जागी हसत होता, आणि त्याचा दुसरा हात अजून बसच्या पायरीवर होता.

ड्रायव्हरने आपला कॅमेरा माझ्या हातात दिला. मी फोटो काढला. त्या चौकटीत दोन गेबहार्ट उभे होते, आणि मागे काचेत बुर्गी, मांडीवर नारळ धरून, सरळ समोर बघणारी. ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं, जीभ चावली, पुन्हा एकदा हात दाबला आणि वर चढला. दार बंद झालं. पायरीवरचा हात गेबहार्टला काढून घ्यावा लागला.

बस गेली. तो शाल सावरत रस्त्याच्या मधोमध उभा होता. मी त्याच्याजवळ गेले.

"तिने तुम्हाला सांगितलं?" त्याने विचारलं.

"हो."

"मला वाटायचं, तिनेही बघितलं असणार. सगळ्यांनीच बघितलं होतं." मग म्हणाला, "तीस वर्षांत प्रत्येकाने मला सांगितलं, कुठे होतो. मी तिला विचारायला हवं होतं."

मी म्हटलं, लिन्झला टेलिफोन आहेत.

"टेलिफोनवर मी फार छान बोलतो," तो म्हणाला. "सगळे म्हणतात." मग एकदम माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "तुम्ही कुठे होतात, त्या दिवशी?"

"सांगलीत. बहुतेक शिकवणीला. तुमचं नाव मला पुढची पंचवीस वर्षं माहीत नव्हतं."

तो मनापासून हसला. फोटोतलं हसू नव्हतं ते, जरा वाकडं होतं. "तसंच हवं," तो म्हणाला. आणखी काहीतरी बोलणार होता, पण आमच्या गाडीतून "कुंदाताई, चला, ऊन चढतंय" सुरू झालं, आणि त्याच वेळी वळणावर दुसरी बस दिसली. जर्मन म्हाताऱ्यांची, त्या दिवशी नेमकी सकाळीच आलेली.

मी गाडीत चढले. पुढच्या वर्षी कंपनीने मुक्काम बदलला, आणि त्याने फोन केला का, ती बहिणीला घेऊन परत आली का, मला कधी कळलं नाही. मीही कधी पत्र टाकलं नाही. टूरवरच्या ओळखी टूरवरच राहतात, हे मला आतापर्यंत पक्कं ठाऊक झालं होतं. सिंधूवहिनी खिडकीतून त्याला हात करत म्हणाल्या, "वहिनी माहेरी गेल्या वाटतं?" मी म्हटलं, बहिणीकडे. "मग येतील की," त्या म्हणाल्या आणि थर्मासमधला चहा ओतायला लागल्या.

काचेतून शेवटचं दिसलं ते असं. त्या बसचं दार उघडलं होतं. गेबहार्टने शाल नीट केली, काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात आपल्या ठरलेल्या ढंगाने वर केला. पहिला म्हातारा उतरला, त्याने तो हात हवेतच पकडला आणि सांगायला सुरुवात केली.

मी उभी राहून नेहमीसारखी डोकी मोजली. सगळी होती, एकही कमी नव्हतं. ड्रायव्हरला म्हटलं, चला.